डाटा न घेता कापलेली मोटर

बापू,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. गावी दहावा-तेरावा उरकून काकी परत आल्या आणि परवा रविवारी सकाळी रबाळ्याच्या गाळ्यातच तुमची शोकसभा झाली. हा शब्द तुम्हाला आवडला नसता. "सभा कशाला, चा पाजा आन सोडा समद्यास्नी," म्हणाला असता. पण माणसं ऐकतात कुठे. जळक्या मोटरी भरून देणारे तुमच्यासारखे वाइंडिंगवाले आले, भंगारवाले आले, सोसायट्यांचे पंप बघणारे आले, शेजारच्या गाळ्यातले लेथवाले मशीन बंद करून आले. आत जागा पुरली नाही तेव्हा अर्धे लोक बाहेर टेम्पोच्या सावलीला उभे राहिले.

मी तिथे बोलले. तुमच्यासमोर बारा वर्षांत जे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही, ते परवा निघालं. तुम्ही तेव्हा फोटोत होता. रडण्यात माझे दोन दिवस गेले, आता राग येतोय, आणि तोही माझाच मला. काय झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय तो उतरणार नाही, म्हणून लिहायला बसले.

नववीत आमच्या शाळेत संस्कृतऐवजी इलेक्ट्रिकल घेता यायचं. मुलींनी घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी घेतलं. पाठांतर टळावं हा खरा हेतू होता, तो आता कबूल करायला हरकत नाही. त्या विषयात दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवस खऱ्या कामाच्या जागी जाऊन शिकायचं, रोज डायरी लिहायची आणि तिच्यावर मालकाची सही घ्यायची, असा नियम होता. मुलांना जागा पटापट मिळाल्या. मला घेऊन आमचे सर रबाळ्यात चार ठिकाणी हिंडले. एकजण म्हणाला, "मुलगी आहे, उद्या काय झालं म्हणजे?" दुसऱ्याने बाथरूम नाही असं सांगितलं. तिसरा नुसताच हसला आणि चौथ्याने आम्हाला उन्हात उभं करून फोन संपवलाच नाही.

पाचवे तुम्ही. तुम्ही खाली बसून एका मोटरीचं जुनं वार्निश खरवडत होता. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणालात, "पोरगी हाय तर काय झालं? मोटरीला काय कळतंय?" मग माझ्याकडे बघितलंत. "केस बांधून यायचं. ओढनी घरी ठिवायची. डबा आनला तर आनला, न्हाईतर आमच्यातला खायाचा." झाली माझी मुलाखत. पुढे नोकरीसाठी मी सहा मुलाखती दिल्या, पण इतका मुद्द्याचा माणूस एकही भेटला नाही.

माझे बाबा तेव्हा मार्केटला माथाडी होते. जन्मभर पाठीवर गोणी वाहिल्यामुळे पोरीने हाताचं काम करू नये, खुर्चीत बसावं, असं त्यांचं पक्कं मत. सरांनी घरी येऊन समजावलं तेव्हा ते एका अटीवर तयार झाले. "जाऊ दे तिला. पण एक जरी तक्रार आली ना सर, तर विषय बदलायचा. मला टेन्शन नको." ती अट तुम्हाला माहीत होती. सरांनी तुमच्या कानावर घातली होती, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

पहिले तीन दिवस तुम्ही मला कुठल्याच हत्याराला हात लावू दिला नाही. काकी दुपारी डबा घेऊन यायच्या आणि चार वाजेपर्यंत बसून मोटरीच्या खाचांत घालायचे कागद कापायच्या. मला त्यांच्या शेजारी बसवलंत. कागद कापायचा, कडा दुमडायच्या, खाचेत बसवून बघायचा, सैल झाला तर टाकायचा. मी तोंड वाकडं करून घरी गेले आणि आईला सांगितलं की तिथे पण क्राफ्टच आहे. चौथ्या दिवशी तुम्ही एक जळकी मोटर पुढ्यात ठेवलीत आणि विचारलंत, "ही का जळली, वास घिऊन सांग." मी वास घेतला. मला नुसतीच मळमळ झाली. तुम्ही मात्र सांगितलंत की कागद फाटलाय, तार लोखंडाला टेकलीय. उघडून दाखवलंत, आणि तसंच होतं. त्या दिवसापासून मी कागद नीट कापायला लागले.

आणि तुमचा तो कायदा. मोटर उघडली की आधी डाटा. कुठल्या खाचेतून तार निघते, कुठल्या खाचेत जाते, किती वेढे, तार किती जाड, जोडण्या कशा, सगळं वहीत उतरवायचं, आकृती काढायची, आणि मगच छिन्नी हातात घ्यायची. कापल्यावर मोटर मुकी होते, ती पुन्हा काही सांगत नाही, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या वह्या पत्र्याच्या पेटीत कुलपात असायच्या. वाइंडिंगवाला एक वेळ जेवणाचं ताट पुढे करील, पण डाटाची वही दुसऱ्याला दाखवणार नाही, हे मला तिथेच कळलं. त्या वह्यांचा इतिहासही कळला. विलासदादा तुमच्या हाताखाली सात वर्षं शिकले आणि जाताना गुपचूप त्या वह्या उतरवून घेऊन गेले. महाप्याला स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून नऊ वर्षं तुम्ही त्यांचं नाव घेतलं नव्हतं. कोणी काढलंच तर "चोर" एवढंच म्हणायचात.

नववा दिवस. ऐरोलीच्या एका सोसायटीची पंपाची मोटर सकाळी आली, साडेसात एचपीची, जुनी. बिल्डिंगला पाणी नाही म्हणून सेक्रेटरी सोबतच आला होता. तुम्ही मोटर उघडून ठेवलीत आणि वार्निश आणायला गेलात. काकी अजून यायच्या होत्या. जाताना म्हणालात, "ती टेबलावरची रिकामी करून ठिव." टेबलावर आदल्या दिवशीची एक मोटर होती, तिचा डाटा घेऊन झाला होता. मी कुठली घेतली ते तुम्हाला माहीत आहे.

आठ दिवस छिन्नी हातात मिळण्याची वाट बघत होते मी. तुम्ही यायच्या आत चकाचक करून दाखवायची, एवढंच डोक्यात. 'टेबलावरची' हा शब्द कानात शिरलाच नाही; समोर उघडी दिसली ती, खाली ठेवलेली साडेसातची, पुढ्यात ओढली, दोन्ही बाजूंनी तारा कापल्या, एकेक गुच्छ ओढून काढला, सुटा करून तांब्याच्या पोत्यात टाकला. त्या पोत्यात आधीच दोन मोटरींचं तांबं होतं. मग ब्रशने छत्तीसच्या छत्तीस खाचा घासल्या. तुम्ही आलात, मोटर उजेडाकडे वळवून आत डोकावलात. "झ्याक केलीस की," म्हणालात. "डाटा कुठं लिवलास?"

मी पोत्याकडे बोट दाखवलं. तुम्ही पोतं उपडं केलंत, पाच मिनिटं तारा चाळल्यात, आणि सोडून दिलंत. पेटीतल्या वह्या काढल्यात. साडेसातचा तो जुना मेक ज्या वहीत होता ती पेटीच्या गंजलेल्या तळातून शिरलेल्या वाळवीने खाल्लेली निघाली. अंदाजाने नव्या तारा भरून दिली असती तर चाललीही असती महिनाभर. तेही मी सुचवलं, इतकी माझी हिंमत. तुम्ही नुसतं "न्हाई" म्हणालात. ओरडाल, सरांना फोन कराल, घरी पाठवाल, या भीतीने मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही हात धुतलेत, टोपी घातलीत आणि म्हणालात, "चल. स्कूटरवर बस."

आपण महाप्याला गेलो. विलासदादा तुम्हाला बघून उठूनच उभे राहिले.

"बापू? तुम्ही? या ना, बसा. पाणी घेता?"

"पानी नको. साडेसातचा जुना पंप हाय. डाटा पायजे."

"तुमच्याकडे नाय?"

"वही वाळवीनं खाल्ली. आन मोटर डाटा न घेता कापली."

विलासदादांनी माझ्याकडे बघितलं. दोन वेण्या, शाळेची पँट, काळे झालेले हात. "कोणी कापली?"

"कोनी म्हंजी? मी. गाळ्यात दुसरं कोन हाय?"

बापू, मी तिथेच होते. तीन फुटांवर. एक शब्द बोलायचा होता. पण डोळ्यांसमोर बाबा होते, विषय बदलायचा फॉर्म होता, सर होते, ज्यांनी माझ्यासाठी चार दारं झिजवली होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

विलासदादांनी वही काढली. पान सापडलं. तुमचाच डाटा, तुमचीच आकृती, त्यांच्या अक्षरात. तुम्ही एका जागी आकडा खोडून पुन्हा लिहिला होता, तर त्यांनी तो खोडलेला आकडाही लिहून, खोडून ठेवला होता. तुम्ही त्या खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "खाडाखोड बी उतरवलीस व्हय रं?"

"तुम्हीच म्हणायचे, डाटा उतरवताना स्वतःची अक्कल लावायची नाय."

तुम्ही हसलात. नऊ वर्षांनी तुम्ही त्या माणसाकडे चहा प्यायलात आणि मला क्रीमची बिस्किटं खायला लावलीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोटर भरून, वार्निश भाजून तयार झाली. सेक्रेटरी तोंडाला येईल ते बोलला, तेही तुम्ही ऐकून घेतलंत. "चूक झाली माझ्या हातनं," त्यालाही तेच. माझ्या डायरीत मी लिहिलं होतं, "मोटर रिकामी करून साफ केली." तुम्ही वाचलंत, पेन हातात धरून क्षणभर थांबलात. "अजून काय लिवायचंय का?" मी नाही म्हटलं. तुम्ही सही केलीत.

विलासदादांच्या पोटात गोष्ट राहणार थोडीच. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितली असेल, पण महिनाभरात रबाळ्यापासून महाप्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की चाळीस वर्षं वाइंडिंग करणाऱ्या बापूने डाटा न घेता मोटर कापली. आचाऱ्याने भाताला पाणी न घालता गॅस पेटवावा तसलं हे. मग जो येईल तो मोटर ठेवता ठेवता म्हणायचा, "बापू, डाटा घ्या हां आधी." दहावीत असताना मी भेटायला आले तेव्हा ऐकलं. डिप्लोमाला असताना ऐकलं. तुम्ही दर वेळी "व्हय बाबा, वय झालं" म्हणून हसायचात आणि मी पाण्याची बाटली शोधायला लागायचे.

पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः शाळेत गेलात आणि सरांना म्हणालात, "औंदा बी पोरगीच द्या." त्यानंतर दर दिवाळीला दोन मुली तुमच्याकडे यायला लागल्या. त्यातली एक मला बसस्टॉपवर भेटली होती. तिने सांगितलं की तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोष्ट सांगता, "मी एवढा जुना मानूस, पर एकदा डाटा न घेता मोटर कापली आन चोराच्या दारात गेलो." ती हसत होती. मी पण हसले. घरी जाऊन जेवले नाही.

तुमच्याशी भांडायला मात्र माझी जीभ कधी अडली नाही. आज मी ऐरोलीच्या आयटी पार्कात मेंटेनन्सला आहे, माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत, त्यातली पाच माझ्यापेक्षा वयाने मोठी. मी आले की तुमच्याशी चष्म्यावरून आणि हातमोज्यांवरून वाद घालायचे. मुलींना छिन्नी देताना चष्मा द्या, बापू. तुम्ही म्हणायचात, मोज्यातनं हाताला कळत न्हाई. मी म्हणायचे, डोळ्याला तर मोजे घालायचे नाहीत ना. गेल्या दिवाळीत मी चार चष्मे आणून खिळ्याला टांगले आणि तुम्ही ते तिथेच टांगलेले ठेवलेत. हा वाद मी जिंकणार होते, थोडेच दिवस राहिले होते.

खरं तर मला वाटायचं, तुम्ही विसरलात. किंवा सारखं सांगून सांगून तुम्हालाच खरं वाटायला लागलं असेल की ती मोटर तुम्हीच कापली. अशी समजूत करून घेतली की झोप बरी लागते. नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले आणि ठरवून आले होते की आज सांगायचं. गाळ्यात गिऱ्हाईक होतं. लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा नवरा बरोबर होता. मागच्या महिन्यात तुमचा फोन आला, "येऊन जा की गं एकदा," मी म्हटलं, शटडाऊनचं काम आहे, पुढच्या आठवड्यात येते. पुढच्या आठवड्यात काकींचा फोन आला.

परवा सभेत विलासदादा बोलायला उभे राहिले. आता त्यांचेही केस पांढरे झालेत. त्यांनी तीच गोष्ट काढली. किती प्रेमाने सांगितली म्हणून सांगू. वाळवी, स्कूटर, खाडाखोड, सगळं. "एवढा मोठा कारागीर, पण चूक झाली तर लपवली नाय. त्या एका चुकीपायी माझा उस्ताद मला परत मिळाला," म्हणाले. माणसं हसली, काहींनी डोळे पुसले. शाळेच्या दोन मुली पुढेच बसल्या होत्या, या वर्षीच्या, त्याही हसल्या. चूक तुमच्या नावावर कायमची चढत होती, आणि आता ती खोडणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मी उभी राहिले. भाषण वगैरे काही सुचलं नाही. म्हटलं, "ती मोटर बापूंनी नाही कापली. मी कापली. मी नववीत होते. बापूंच्या हातून डाटा न घेता एकही मोटर कधी कापली गेलेली नाही."

पुढे बसलेल्या मुली मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या. विलासदादा स्टुलावर बसले. "म्हणजे ते पोरीसाठी आले होते," एवढंच ते म्हणाले, स्वतःशीच. मला वाटलं मी त्यांचं काहीतरी काढून घेतलं. पण थोड्या वेळाने त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "बरं झालं बोललीस. बारा वर्षं मी त्यांना चिडवत होतो गं."

सगळे चहाला बाहेर गेल्यावर काकींनी मला हाताला धरून बाकावर बसवलं. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं मला. सर बोलले होते न्हवं, बापाची अट हाय म्हणून. तर हे म्हणले, पोरगीचं नाव सांगितलं तर तिचं शिकनं बंद हुईल. नाव माझं गेलं तर काय, मोटरी यायच्या त्या येतीलच."

काकी माझा हात चोळत होत्या.

"आन दर खेपेला, तू येऊन गेलीस की मला विचारायचे. पोरगी बोलली का गं काही? मी म्हणायची, पेढं आनलं, नोकरीचं बोलली, चष्म्यावरनं भांडली. तर म्हणायचे, आसू दे. बोलंल. डोक्यावरचं वझं हाय, तिचं तिलाच उतरवाया पायजे, आपन हात लावायचा न्हाई. मागल्या म्हयन्यात फोन केला तुला, तवा बी म्हणले, बघू, यंदा बोलती का."

तुम्ही विसरला नव्हता, बापू. तुम्ही वाट बघत होता. बारा वर्षं, दर दिवाळीला, मी पेढे घेऊन आले आणि तुम्ही पेढ्यांची वाट बघतच नव्हता. हे मला आधी कळलं असतं तर मी धावत आले असते, की लाजेने कधीच आले नसते, ते मला सांगता येत नाही. तुमच्यामुळे मी शिकले, तुमच्यामुळे चार पैसे मिळवते आणि चार माणसं मला विचारतात. आणि तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, फुकटची, ती मी दिली नाही. मी रडायला लागले तशा काकी उठल्या. फोटोचा हार वाकडा झाला होता तो त्यांनी सरळ केला, पदराने काच पुसली आणि तुम्ही समोर बसला असावात अशा रोजच्या आवाजात म्हणाल्या, "अवो, बोलली बरं का पोरगी."